लुटुपुटीचा स्क्रम

१० फेब्रुवारी

मी जाणार! ठरलं!

शाळकरी संघाच्या फिजिओला कावीळ झाली. स्पर्धा तोंडावर आली आणि प्रांताच्या संघटनेला ऐन वेळी दुसरं कोणी मिळेना. शेवटी सरांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, आमच्या दवाखान्यात फोन केला. आधी बरेच आढेवेढे. "तुझा भाऊ संघात आहे, त्यामुळे जरा..." म्हटलं, सर, भाऊ संघात आहे यात माझा काही हात नाही, आईबाबांशी बोला. हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत म्हणे.

एकच अट घातली — मैदानावर भाऊबहीण विसरायचं. म्हटलं, कबूल. त्यात काय! दिवसभर म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवून मी कंटाळले आहे. आता आठवडाभर तरणे गुडघे.

घरी सांगितलं तर पिल्लू भडकला. एकशे बारा किलोचं पिल्लू! "तिकडे सगळ्यांसमोर पिल्लू म्हणालीस तर बघ." तिकडे त्याला खांब म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्याची दुपटी धुतली आहेत.

पण मनातून मला फार बरं वाटलं. हे त्याचं शेवटचं वर्ष. या स्पर्धेतून देशाचा शाळकरी रग्बी संघ निवडतात आणि पुढच्या वर्षी तो वयात बसणार नाही. अभ्यासात तर उजेडच आहे. या संघात गेला तर कॉलेजं दारात येतील, नाही गेला तर बाबांची व्हॅन आहेच. घरात हे कोणी मोठ्याने बोलत नाही.

११ फेब्रुवारी

आईला आज पुन्हा एकदा रग्बी समजावली. कितव्यांदा कोण जाणे.

टेबलावर कप मांडले. पुढे तीन कप. मधला हुकर, त्याच्या दोन बाजूंना दोन प्रॉप, म्हणजे टेकू. आपलं पिल्लू उजवीकडचा टेकू. मागे पाच कप. समोर त्यांचेही आठ. पंच म्हणतात — वाका! धरा! भिडा! — की सोळा जण रेड्यांसारखे खांद्याला खांदा लावून ढकलतात, आणि मधे चेंडू सोडतात. याला स्क्रम म्हणायचं.

आई म्हणाली, "आणि त्या मधल्याचे हात कुठे?"

दोन्ही टेकूंच्या अंगाभोवती. काखेखालची जर्सी मुठीत घट्ट धरायची.

"म्हणजे पडला तर टेकायला त्याला स्वतःचा हात नाही."

नाही. म्हणूनच ते दोन टेकू.

आईने सगळे कप गोळा केले आणि धुवायला नेले. "बाईमाणसाने असला खेळ काढला नसता," म्हणाली.

१३ फेब्रुवारी

अंग मोडून आलंय. बाबांचं काम घरसामान हलवण्याचं. आज तिसऱ्या मजल्यावरून आरशाचं एक अवाढव्य कपाट उतरवायचं होतं आणि त्यांचा गडी आला नाही. मग पिल्लू आणि मुंगळा यांना हाताशी धरलं. मी मागून दिव्याच्या शेडा घेऊन.

मुंगळा म्हणजे पलीकडच्या गल्लीतला, पिल्लूचा पहिलीपासूनचा दोस्त. संघाचा हुकर. पिल्लूच्या अर्ध्या वजनाचा असेल, पण एकदा धरलं की डोकं तुटलं तरी सोडत नाही, म्हणून मुंगळा. गेली पाच वर्षं स्क्रममध्ये त्याचा उजवा हात पिल्लूच्या बरगड्यांभोवती आहे. पिल्लूच्या सगळ्या जर्सी तेवढ्याच जागी फाटतात. आई तेवढ्याच जागी रफू करते.

दुसऱ्या वळणावर कपाट एकदम थांबलं. वरून बाबांनी धरलेलं, खालून या दोघांनी. कोणी ओरडलं नाही. नंतर कळलं की मुंगळ्याचा हात घामाने निसटत होता. पिल्लू नुसता थांबला, मुंगळ्याने हात पुसला, पुन्हा धरलं, पुढे निघाले.

बाबा खूश! खाली आल्यावर त्यांचं जिन्यातलं प्रवचन झालंच. जोडीदाराचा हात सुटतोय हे ओझ्यातूनच कळतं. कळलं की आपण थांबायचं. खेचायचं नाही, आरडाओरडा नाही, आणि विचारायचं तर मुळीच नाही. "विचारलं तर तो नाहीच म्हणणार. कुठला पुरुष सांगतो, माझा हात सुटतोय म्हणून?"

आरशाला चरासुद्धा गेला नाही. मी मात्र एक शेड फोडली. असो.

१५ फेब्रुवारी

पोचलो. स्पर्धा एका मोठ्या शाळेच्या मैदानावर. मुलं वसतिगृहात, एका दालनात तीस खाटा, आणि त्या मोज्यांचा वास! मला दवाखाना म्हणून विज्ञानाची प्रयोगशाळा दिली आहे. गॅसच्या तोट्यांमध्ये चिकटपट्ट्यांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात एक सांगाडा. मुलांनी आल्या आल्या त्याला आमच्या संघाची टोपी घातली. "ताई, हा राखीव खेळाडू."

निवडकर्ते तीन. वरच्या पायरीवर एकटे बसतात, कोणाशी बोलत नाहीत. त्यातले मुख्य म्हणजे तपकिरी लोकरी टोपीवाले. मुलांत अशी समजूत आहे की टोपीवाल्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं की त्या क्षणी जो खेळत असेल त्याचं काम झालं. गेल्या वर्षी म्हणे असंच झालं होतं. त्यामुळे राखीव पोरं सामना बघतच नाहीत, टोपी बघतात.

उजव्या टेकूच्या जागेसाठी पिल्लूला एकच खरा प्रतिस्पर्धी — दुसऱ्या प्रांताचा एक दाढीवाला. सतराव्या वर्षी बाबांपेक्षा दाट दाढी! तो पळतोही चांगला. आपलं ध्यान पळण्यात कासव आणि झेलण्यात चाळणी. पण स्क्रममध्ये त्याला मागे रेटलेलं मी आजवर पाहिलं नाही. सर परवा म्हणाले तेच खरं: "खांबाकडे एकच गोष्ट आहे. पण ती दुसऱ्या कोणाकडे नाही."

१६ फेब्रुवारी

पहिला सामना जिंकला. तीन नाकं, एक अंगठा. टोपी डोक्यावरच.

१७ फेब्रुवारी

दुसराही जिंकला! अंतिम सामन्यात गेलो, तिथे दाढीवाल्यांशी गाठ. पण आनंदात विरजण. आमच्या दुसऱ्या हुकरचा घोटा गेला. भोपळ्याएवढा सुजलाय, तो काही उभा राहत नाही.

सरांचा चेहरा पडला. कारण नियम असा की पुढच्या तिघांच्या जागी तयार नसलेलं पोर घुसवता येत नाही, मानेचा प्रश्न असतो. आता उरला एकटा मुंगळा. त्याला काही झालं तर मग स्क्रम होतो तो लुटुपुटीचा. वाकायचं, धरायचं, आणि कोणीच ढकलायचं नाही! ज्याचा चेंडू त्याने गुपचूप घ्यायचा. वर या स्पर्धेत शिक्षा म्हणून आपला एक खेळाडू बाहेर. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुंगळ्याला काचेच्या भांड्यासारखा जप."

मला वेगळंच सुचलं आणि स्वतःची लाज वाटली. लुटुपुटीचा स्क्रम म्हणजे पिल्लूचं काय उरलं? पळण्यात कासव, झेलण्यात चाळणी!

संध्याकाळी मुंगळा स्वतःहून आला. मान आखडली आहे. "काही नाही ताई, इथली उशी म्हणजे वीट आहे." सगळं तपासलं. मान वळते. दोन्ही मुठी सारख्या, माझी बोटं चेपली त्याने. तरी बजावलं, हाताला मुंग्या आल्या, बधिर वाटलं, जोर कमी वाटला तर त्या क्षणी मला सांगायचं. मानेशी खेळ नाही.

"हो ताई." फारच पटकन म्हणाला.

१८ फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस. आणि काय दिवस!

दुपारी पिल्लू प्रयोगशाळेत आला आणि सांगाड्याशेजारी उभा राहिला. त्याची टोपी सरळ केली. शेवटी म्हणाला, "टोपीवाले बोलले."

काय बोलले?

"वजन विचारलं. म्हणाले, उद्या स्क्रममध्ये तुला नीट बघतो."

एवढंच? एवढंच. पण कान लाल झाले होते त्याचे. बसला, उठला, माझी कात्री उघडझाप केली. मग म्हणाला, "ताई, देशाच्या ब्लेझरच्या बाह्या मला पुरतील का गं?" मला हसू यायला हवं होतं. उठून पट्टीने त्याचा हात मोजला.

मुंगळ्याबद्दल विचारलं. "झोपतो वेडावाकडा, दुसरं काय."

मला जेवण गेलं नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळ

थंडी. चिखल. सर एकटेच मैदानाला फेऱ्या घालताहेत. मी चिकटपट्ट्या मोजतेय.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहून टाकते. नंतर मला माझंच खरं वाटणार नाही.

पहिला अर्धा डाव स्वप्नासारखा. पहिला स्क्रम: पिल्लू त्यांच्या टेकूखाली असा शिरला की तो पोरगा जमिनीवरून उचलला गेला. दुसरा तसाच. तिसऱ्याला त्यांचे आठच्या आठ मागे सरकत गेले, एखादं घर सरकावं तसे. आमच्या बाकावर एकदम कुजबुज. मी वळून पाहिलं. टोपीवाल्यांनी टोपी काढली होती! हातात धरून डोकं खाजवत होते! राखीव पोरांनी एकमेकांच्या मांड्यांवर बुक्के मारले. मी देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू. झालं, म्हटलं. पिल्लूचं झालं!

मध्यंतराच्या जरा आधी मुंगळ्याने एकाला आडवं पाडलं, त्यात त्याचं डोकं समोरच्याच्या कमरेवर आदळलं. मी धावले. तो माझ्या आधी उभा. "काही नाही ताई." प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं बरोबर. मुठी पाहिल्या, ठीक. मध्यंतरात पुन्हा पाहिल्या. ठीक.

दुसऱ्या अर्ध्या डावात पहिला स्क्रम आम्ही जिंकला, पण जरा वाकडा गेला. मला काही वावगं वाटलं नाही. सर म्हणाले, चिखल.

मग तो स्क्रम. आम्ही दोन गुणांनी पुढे, त्यांच्या रेषेपासून दोन खाटांवर म्हणावं इतके जवळ. इथे ढकललं की सामना खिशात. पंच म्हणाले, वाका. धरा. आणि पिल्लू उभा राहिला.

सरळ उभा! सगळे वाकलेले आणि मधे हा उभा!

पंचांनी समज दिली. पुन्हा. वाका. धरा. पुन्हा उभा राहिला! जो टेकू भिडायच्या आधी उभा राहतो त्याला सगळं मैदान एकच शब्द लावतं. पंचांनी शिट्टी फुंकली, चेंडू त्यांना. त्यांच्या बाजूची पोरं कुत्र्यासारखं विव्हळून दाखवायला लागली. दाढीवाला हसत होता. सरांनी पाण्याची बाटली आपटली. "फाटली याची! ऐन वेळी फाटली!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याहून वाईट म्हणजे पिल्लू माझ्याकडे बघत होता. पंचांकडे नाही, सरांकडे नाही, माझ्याकडे. लहानपणी पोहायच्या तलावाच्या काठावर उभा राहून बघायचा तसा. माझ्या तोंडून निघालं, "माझ्याकडे काय बघतोस? वाक!"

आणि मग त्याच्या शेजारी मुंगळा दिसला. धुतलेल्या हातावरचं पाणी झटकावं तसा उजवा हात मांडीशी झटकत होता.

धावले. "पिल्लू, बाजूला हो!" ओरडले सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही.

मुंगळ्याला म्हटलं, दोन्ही हातांनी माझी बोटं दाब. डाव्याने हाडं मोडायची बाकी ठेवली. उजव्याने — तान्हं बाळही याहून घट्ट धरतं.

"आत्ताच झालंय, जाईल. ताई, थोडाच वेळ राहिलाय. ताई, पाया पडतो. माझंही शेवटचं वर्ष आहे."

मला सगळं ठाऊक होतं. याला बाहेर काढलं की स्क्रम लुटुपुटीचा. दोनदा उभं राहून पिल्लूने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तो भरून काढायला त्याला आणखी एक तरी खरा स्क्रम हवाच होता. मी वर पाहिलं. पिल्लू चिखलाकडे बघत होता.

एक क्षण मी गप्प राहिले. तो क्षण होता, हे इथे तरी लिहायलाच हवं.

मग पंचांना हात केला. बाहेर. पट्टा आणा, मान धरा.

पुढचं काय लिहायचं! एक माणूस कमी, तोही मागच्या धावणाऱ्यांतला. आठ विरुद्ध आठ वाकले, हातात हात घातले आणि कोणीच ढकललं नाही. पिल्लू तिथे नुसता टेकून उभा, लग्नातल्या फोटोत उभा करावा तसा. मग त्याला धावावं लागलं आणि तो धावू शकला नाही. एक चेंडू हातातून सुटला. शेवटच्या मिनिटात हरलो.

टोपी डोक्यावर होती.

सामना संपल्यावर सर प्रयोगशाळेत आले. दार लावलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, "भावाची फजिती झाकायला माझा सामना घालवलास. पुढचा स्क्रम झाला असता तर तो तिसऱ्यांदा उभा राहिला असता. तुला माहीत होतं."

मी म्हटलं, मुंगळ्याचा हात गेला होता.

"मध्यंतरात ठीक होता ना? तूच म्हणालीस."

हो, मीच म्हणाले होते.

२० फेब्रुवारी

सभागृहात नावं वाचली. टोपीवाल्यांनी स्वतः. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. उजवा टेकू — दाढीवाला उभा राहिला. हुकर — कोणी तरी तिसराच.

पिल्लूने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांसाठी. शेवटपर्यंत.

बसमध्ये माझ्याशेजारी कोणी बसलं नाही. मुंगळा पुढच्या सीटवर गळ्यात पट्टा घालून, तोंड खिडकीकडे. पिल्लू त्याच्या शेजारी. दोघं एक शब्द बोलले नाहीत. मनात म्हटलं, बरोबर आहे, एकाचं मी वाटोळं केलं, दुसऱ्याने स्वतःचं करून घेतलं.

२१ फेब्रुवारी

आईने ती जर्सी धुतली. आज रफूसाठी सुई काढली आणि परत ठेवून दिली.

२२ फेब्रुवारी

भांडण. माझंच चुकलं असेल, पण किती दिवस तोंड शिवून बसायचं?

पिल्लू मागच्या अंगणात व्हॅन धूत होता. बाबांनी त्याला सोमवारपासून कामावर यायला सांगितलंय. म्हणजे सांगितलं आईला, आईने त्याला. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. त्यांनी सामना फोनवर पाहिला होता, माझ्या मावसभावाने पाठवलेला. पोराला कुत्रा म्हणताना ऐकलं त्यांनी.

मी म्हटलं, तुला माझा राग आलाय ना? मग बोल. मला शिव्या दे.

"नाही आला."

मग माझ्याकडे बघत का नाहीस?

तो चाकं घासत राहिला. मग माझा तोल गेला. काय काय बोलले! म्हटलं, मुंगळ्याला मी काढलं ते माझं काम होतं, पण तुझी जागा मी नाही घालवली. टोपी निघाली होती! तू आधीच उभा राहिलास. दोनदा! सर मला म्हणतात मी तुझी लाज झाकली, मी कोणाला काय सांगू? एकदा कबूल तरी कर की घाबरलास!

त्याने नळ बंद केला.

"हो," म्हणाला. "घाबरलो."

एवढंच. इतक्या सरळ म्हणाला! मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. मला ते हवं होतं बहुतेक.

२३ फेब्रुवारी

दवाखाना. गुडघे, गुडघे, गुडघे.

२६ फेब्रुवारी

मुंगळ्याच्या मानेचा स्कॅन आला. त्याच्या आईने तज्ज्ञांकडे मला सोबत नेलं. मानेतली चकती सरकून नसेवर बसली आहे. ऑपरेशन करावं लागेल, हात हळूहळू परत येईल, रग्बी मात्र संपली. तज्ज्ञ फोटोवर पेन टेकवून म्हणाले, "हे इथून थोडं मागे गेलं असतं, तर हा मुलगा आज चालत आला नसता. आणखी एक धक्का पुरला असता. कोणी थांबवलं याला?"

मुंगळ्याच्या आईने माझा हात धरला आणि सोडेचना. रडली. मला म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू?" मला अवघडल्यासारखं झालं. मुंगळा जमिनीकडे बघत होता. काही तरी बोलणार होता, नाही बोलला.

संध्याकाळी सरांचा फोन. त्यांच्यापर्यंत बातमी गेली होती. "मी बोललो ते मागे घेतो. तू बरोबर होतीस." मग म्हणाले, "खांबाचं मात्र वाईट वाटतं. एवढा मोठा देह, आणि ऐन वेळी काळीज उंदराचं निघालं."

मी म्हटलं, "हो सर."

फोन ठेवल्यावर पाहिलं तर पिल्लू दारात उभा. ऐकलं असावं त्याने. पाणी घेऊन गेला.

२८ फेब्रुवारी

सगळे मला शाबासकी देतात. दवाखान्यात पेढेच वाटायचे बाकी आहेत. घरात मात्र चार माणसं चार दिशांना. बाबा आणि पिल्लू दिवसभर एकाच व्हॅनमध्ये असतात. गडी सांगत होता, दोघांत फक्त "उचल" आणि "ठेव".

४ मार्च

मुंगळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आज भेटायला गेले. त्याने आईला चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं.

"ताई, मी कोणाला सांगितलं नाही. पण आता राहवत नाही. मध्यंतरानंतरच्या पहिल्या स्क्रमलाच माझा हात गेला होता. त्याच्या जर्सीवरून मूठ सुटली. त्याला लगेच कळलं. म्हणाला, बाहेर जा. मी म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ, ताईला सांगितलंस तर! पंचांना सांगितलंस तर! म्हणून तो कोणाला बोलला नाही. नुसता उभा राहिला. दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा मी त्याला आई-बापावरून शिव्या दिल्या. तो म्हणाला, तुझा हात लागत नाही तोवर मी वाकणार नाही."

मी विचारलं, हे त्याने आम्हाला का नाही सांगितलं? नंतर तरी?

"मीच सांगू दिलं नाही. सांगितलं तर सगळे म्हणतील, मुंगळ्यामुळे खांबाची जागा गेली. तो म्हणाला, मग राहू दे."

घरी आले. बाबा स्वयंपाकघरात जेवायला बसलेले. त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतला आणि त्याच्या खोलीत गेले.

आता मलाही त्याच्या खोलीत जायचं आहे. काय बोलायचं ते ठरत नाही.